पंचनाम्यात न आलेला साप

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या राजूरला एप्रिल 2021 मध्ये एका मृत्यूची नोंद झाली. वीसएक वर्षे अमेरिकेत काढून त्याच वर्षी गावाकडे परतलेला, पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ सर्पदंशाने गेला, असे कागदावर ठरले. पुतण्या म्हणून पुढे आलेल्या माणसाने मृतदेह ओळखला आणि प्रेत ताब्यात घेतले. विषय तिथे संपल्यासारखा होता. तो पुन्हा उघडला विमा कंपनीमुळे. या गृहस्थाच्या नावावर अमेरिकेत पन्नास लाख डॉलरचा, म्हणजे सुमारे 37 कोटी रुपयांचा विमा होता. आधी एकदा बायको मेल्याचे दाखवून याच माणसाने रक्कम मागितल्याचे कंपनीच्या लक्षात होते, त्यामुळे पैसे देण्याआधी तिला खात्री हवी होती. पोलिसांनी शेजारीपाजारी विचारले. कुणाला साप चावल्याचे कुणाच्याच कानावर नव्हते. दारात रुग्णवाहिका मात्र एकाने पाहिली होती. मग फोनच्या नोंदी काढल्या आणि मेलेला माणूस गुजरातेत, वडोदऱ्यात जिवंत सापडला.

मग मेला कोण? पोलिसांनी ठेवलेला आरोप असा की, एका मनोरुग्ण, बेवारशी माणसाला हेरून घरी आणले गेले, साप पकडणाऱ्याकडून नाग मिळवला गेला आणि त्या माणसाला नागाचा दंश करवला गेला. ऑक्टोबर 2021 मध्ये पाच जणांना अटक झाली. देशभर बातम्या झाल्या. त्या बातम्यांत विम्याचा आकडा मोठ्या अक्षरात होता. ज्याचा जीव गेला तो माणूस एखाददुसऱ्या ओळीत होता. त्याला शोधत कुणी आले नव्हते. विम्याची रक्कम एवढी मोठी नसती तर त्याचा मृत्यू दुसऱ्याच्या नावाने आणि सापाच्या माथी कायमचा नोंदला गेला असता.

सर्पदंशाने केलेला खून हा विषय ‘चमत्कारिक’ म्हणून वाचायची आपल्याला सवय आहे. तुमच्या हाती असलेली ही वाशीम जिल्ह्यातली रहस्यकादंबरी ती सवय मोडू पाहते, म्हणून तिला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला. सापाने मारलेला माणूस आणि सापाकरवी मारलेला माणूस यांच्यातला फरक ओळखण्याची व्यवस्था आपल्याकडे किती तोकडी आहे, हा या कादंबरीचा खरा विषय आहे असे मला वाटते. त्या दृष्टीने सर्पदंशाच्या रहस्यकथेच्या प्रांताची थोडी ओळख नव्या वाचकाला करून देतो.

हा प्रांत फार जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वातली परीक्षित राजाची गोष्ट रहस्यकथा म्हणून वाचून पाहा. सात दिवसांत तक्षकाच्या दंशाने मरशील असा शाप मिळालेला राजा एका खांबावरच्या महालात, मंत्री आणि वैद्यांच्या पहाऱ्यात बसतो. वाराही विचारून आत यावा असा बंदोबस्त. तरीही तक्षक आत शिरतो, तापसांचे रूप घेतलेल्या नागांनी आणलेल्या फळातल्या किड्याच्या रूपाने. बंद खोलीतला खून याहून जुना क्वचितच सापडेल. पण या कथेतला सर्वांत आधुनिक प्रसंग वाटेवर घडतो. राजाचे विष उतरवायला निघालेल्या कश्यपाला तक्षक गाठतो, त्याची विद्या पारखतो आणि हवे तेवढे धन देऊन त्याला मागे फिरवतो. खुनी पैसे चारतो आणि वैद्य घरी परततो! पुढच्या सर्पकथा विषाच्या मागे लागल्या. हा फितलेला वैद्य मात्र फारसा कुणी उचलला नाही.

कौटिल्याचा दृष्टिकोन अगदी वेगळा, पोलीस ठाण्यातला. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात अचानक मेलेल्या माणसाच्या प्रेताची तपासणी कशी करावी, याचा एक अख्खा अध्याय आहे. हातपाय, दात, नखे काळी पडली आहेत का, तोंडाला फेस आहे का, यावरून विषप्रयोग ओळखावा. तीच लक्षणे असून शिवाय रक्ताळलेला दंश दिसला तर साप किंवा विषारी कीटक समजावा, असा त्याचा क्रम आहे. घरातल्या कुणाचे मृताशी वैर होते, कुणाला वारसा मिळणार होता, हेही त्याने विचारायला सांगितले आहे. प्रेत आणि हितसंबंध दोन्ही एकाच चौकशीत तपासण्याची ही शिस्त आपल्याच परंपरेत होती. पुढच्या रहस्यवाङ्मयाने मात्र तक्षकाचा वारसा घेतला आणि कौटिल्याचा बाजूला ठेवला.

इंग्रजी रहस्यकथेत साप आला तो हिंदुस्थानातून. आर्थर कॉनन डॉइलची ठिपकेदार पट्ट्याची कथा फेब्रुवारी 1892 मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली. कलकत्त्यात डॉक्टरकी करून परतलेला सावत्र बाप, भिंतीतला झरोका, पलंगावर सोडलेली घंटेची दोरी, बशीभर दूध आणि मध्यरात्रीची शीळ. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉइलने स्वतः हिला पहिला क्रमांक दिला होता. कथेची बांधणी आजही थक्क करते, पण तिच्यातला साप शास्त्राला धरून नाही. भारतातला सर्वांत जहाल म्हणून होम्स ज्या सापाचे नाव घेतो, त्या नावाचा साप इथे नाही. साप दुधावर पाळता येत नाही आणि शिटीसरशी दोरीवरून परत चढून येण्याइतका शिकवता येत नाही. वाचकाने हे सगळे मानले, कारण पूर्वेकडच्या देशांत काहीही घडू शकते अशी लंडनच्या वाचकाची समजूत होती. दुर्दैवाने भाषांतरांबरोबर ती समजूत आपणही उसनी घेतली आणि आपल्याच अंगणातल्या सापाकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहू लागलो.

डॉइलनंतर धारा वेगळ्या झाल्या. रेक्स स्टाउटच्या नीरो वुल्फ या गुप्तहेराची पहिलीच कादंबरी, 1934 सालची, एका विषारी सापाचे नाव घेऊन आली आणि तिच्यात साप थेट मेजाच्या खणात निघतो. पुढच्याच वर्षी अगाथा ख्रिस्तीने ‘डेथ इन द क्लाउड्स’मध्ये साप बाजूला सारून फक्त त्याचे विष घेतले. विमानात, सगळ्यांच्या देखत होणारा खून आणि आफ्रिकेतल्या बूमस्लँगचे विष. ख्रिस्तीला औषधालयातल्या कामाचा अनुभव होता, त्यामुळे तिच्या लेखनात विषाचा तपशील बेतशीर येतो. त्याच 1935 साली लॉस एंजेलिसमध्ये खराखुरा प्रयत्न झाला. रॉबर्ट जेम्स या न्हाव्याने विम्यासाठी बायकोचा पाय रॅटलस्नेकच्या पेटीत घातला. तेवढ्याने ती मेली नाही, तेव्हा त्याने तिला पाण्यात बुडवून मारले. 1942 मध्ये त्याला फाशी झाली. साप हे बेभरवशाचे हत्यार आहे, हे कादंबरीकारांनी कधी फारसे सांगितले नाही; न्यायालयाच्या कागदपत्रांत ते आहे. साप चावतोच असे नाही, चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही.

मराठीत रहस्यकथेची परंपरा भरघोस आहे. गो. ना. दातारशास्त्र्यांच्या अद्भुत कादंबऱ्यांनी वाचकांना रात्र रात्र जागवले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड गावोगावच्या वाचनालयांतून घरोघर गेले. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पुढच्या पिढ्या धरून ठेवल्या. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भय आणि गूढ यांचा स्वतंत्र बाज उभा केला. या सगळ्यांचे ऋण मान्य करून एक तक्रार नोंदवतो. आपला गुप्तहेर प्रामुख्याने मुंबई-पुण्यात वावरला. तो गावात आला तर वाड्यातल्या भुताचा किंवा गुप्तधनाचा छडा लावायला. दुसरीकडे ग्रामीण कादंबरीत शेत, भाऊबंदकी, कर्ज, दुष्काळ सगळे आले. सापाने माणूस गेल्याचे प्रसंगही आले. पण त्या मरणाकडे नशीब म्हणून पाहिले गेले, प्रश्न म्हणून नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने 1960 मध्ये वऱ्हाडचे जगणे आणि बोली मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणली. त्या मातीत रहस्यकथा रुजायला मात्र फार वर्षे गेली. सिनेमाने तर नागाला बदला घेणारी नागीण आणि नागमणी यांतच अडकवून ठेवले.

मग आला ऑक्टोबर 2021. त्या एका महिन्यात तीन गोष्टी घडल्या. राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यात सुनेने सासूला सर्पदंश घडवून मारल्याच्या आरोपाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. एका आरोपीला जामीन नाकारताना न्यायालयाने, गारुड्याकडून साप आणून माणसे मारण्याचा नवा प्रकार दिसू लागल्याची दखल घेतली. दुसऱ्या आठवड्यात केरळातल्या कोल्लमच्या न्यायालयाने पत्नीला नागाच्या दंशाने मारणाऱ्या पतीला दुहेरी जन्मठेप सुनावली. आणि महिनाअखेर राजूरच्या अटका झाल्या.

यातले कोल्लमचे प्रकरण प्रत्येक रहस्यलेखकाने अभ्यासावे असे आहे. तिथल्या तरुणीला मार्च 2020 मध्ये सासरी घोणस चावली. दीर्घ उपचारांनंतर ती माहेरी आली आणि 7 मे रोजी तिथेच, बंद खोलीत, नागाच्या दंशाने गेली. दोन महिन्यांत दोन वेगळ्या जातींचे विषारी साप, दोन वेगळ्या घरांत, एकाच बाईला! संशय आधी आईवडिलांना आला. मारून पुरलेला नाग उकरून काढला गेला आणि त्याचेही शवविच्छेदन झाले. मृताच्या शरीरात गुंगी आणणाऱ्या औषधाचा अंश मिळाला. तपास पथकाने पुतळा आणि जिवंत नाग घेऊन प्रात्यक्षिक केले. नाग आपणहून चावला तर दोन दातांच्या खुणांत किती अंतर राहते आणि डोके दाबून धरून चावायला लावला तर ते किती रुंदावते, हे मोजले गेले. मृताच्या हातावरच्या खुणा नैसर्गिक दंशापेक्षा रुंद होत्या. साप पुरवणारा माफीचा साक्षीदार झाला. मोजपट्टी, पुरलेला साप आणि दोन तारखा यांच्याही आधारावर हा खटला उभा राहिला. डॉइलच्या शिटीपेक्षा मला ही मोजपट्टी कितीतरी जास्त नाट्यमय वाटते.

हे सगळे आता महत्त्वाचे का? 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेल्याचा अंदाज दिला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांत, सुमारे निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांत, अनेक तर दवाखाना न पाहताच. सरकारी नोंदीत यातला लहानसा भाग येतो. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले. जिथे हजारो खरे मृत्यूच मोजले जात नाहीत, तिथे त्यात मिसळलेला एखादा खून कोण वेगळा काढणार? म्हणून हा प्रश्न जितका गुन्हे शाखेचा, तितकाच आरोग्य खात्याचा आहे.

कायद्यात कमतरता नाही. प्राण्यामुळे मृत्यू झाला तरी पोलिसांनी पंचनामा करावा, हे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 174 मध्ये होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्येही आहे. अडचण प्रत्यक्षात येते. नेहमीच्या व्हिसेरा तपासणीत सापाचे विष सहजी हाती लागत नाही. दंशाच्या जागची कातडी आणि खालचे मांस वेगळे काढून, जपून पाठवावे लागते. तेवढी तसदी घ्यायला आधी कुणाच्या तरी मनात प्रश्न यायला हवा. ‘सर्पदंश’ हा शब्द पंचांच्या तोंडून आला की तो प्रश्न बहुधा तिथेच मिटतो.

वाशीमकडे वळतो. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे जुने वत्सगुल्म. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन, मध्ये तुरीची तासे. सप्टेंबर संपता संपता सोंगणी सुरू होते. वाकून, डाव्या हाताने बुंधे धरत, उजव्या हातातल्या विळ्याने कापत जाणाऱ्या बाईला पुढच्या पाचोळ्यात काय आहे ते दिसत नाही. मग कापलेल्या पिकाच्या सुड्या लागतात, सुड्यांखाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचे तर लाइट अनेकदा रात्रीची. बॅटरी एका हातात आणि फावडे दुसऱ्या हातात घेऊन माणूस धुऱ्यावरून चालतो. घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला मण्यार गाठते. नाग, घोणस, मण्यार यांची भीती इथे प्रत्येक घराला ठाऊक आहे. गंभीर रुग्ण अकोल्याला हलवायचा हा जुना रिवाज. वाशीमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते ऑक्टोबर 2024 मध्ये. शेतकरी सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून दोन लाखांचे अनुदान मिळू शकते, पण त्यासाठी कागद लागतात. मांत्रिकाकडे रात्र घालवून पहाटे चिता पेटवलेल्या घराकडे ते कागद नसतात. खरे पीडित असे वंचित राहतात, आणि कागद नीट जुळवणाऱ्या खोट्याला वाट मोकळी राहते.

या भूमीवर कादंबरी उभी आहे. गाव मालेगाव तालुक्यातले, नाव काल्पनिक. कथेतले उकलायचे ते वाचकाने उकलावे. मी फक्त पहिल्या पन्नास पानांतला एक धागा दाखवतो, कारण लेखकाची पद्धत त्यातून कळते. साठीची एक विधवा, सातबाऱ्यावर तिचे नाव. सोंगणीच्या दिवसांत मध्यरात्री तिच्या पोटात कळ येते, उलटी होते. घरच्यांना वाटते शिळे बाधले. पहाटे तिच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोबडी वळते. ग्रामीण रुग्णालयात नेतात, अकोल्याच्या वाटेवर ती जाते. तोवर गावात गोठ्यामागे एक घोणस निघते, लोक ती काठ्यांनी ठेचतात आणि पोलीस पाटलाला दाखवतात. पंचनाम्यात लिहिले जाते: घोणस चावल्याने मृत्यू. सगळे जागच्या जागी बसलेले.

तपास करणारी फौजदार बाई रुग्णालयातला केस पेपर मागून घेते. त्यावर परिचारिकेने लिहिलेली एक ओळ आहे. त्या विधवेचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवले आणि नळी तिरपी केली. रक्त गोठले होते. ज्याने सर्पदंशाचे रुग्ण पाहिले आहेत त्याला इथेच थबकायला होईल. घोणसेचे विष रक्त गोठू देत नाही, दंशाची जागा टरारून सुजते, वेदना असह्य होतात. इथे सूज नाही, रक्तस्राव नाही. पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या आहेत. ही मण्यारीची खूण. तिचे दात बारीक, दंश फारसा दुखत नाही, अनेकदा खूणही नीट दिसत नाही. म्हणजे लोकांनी मारला तो साप वेगळा आणि विधवेला चावला तो वेगळा. मग दुसरा साप कुठे आहे? आणि तो आपणहून आला होता का?

रहस्याची गाठ लेखकाने सरकारी रुग्णालयातल्या एका साध्या, काही पैशांच्या तपासणीवर बांधली, याचे मला फार मोल वाटते. यात शिकवलेला साप नाही, नागमणी नाही, सापाचा सूड नाही. सापाला लेखकाने कुठेही खलनायक केलेले नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेला तो एक घाबरलेला जीव आहे, हे पानापानावर जाणवते. कथेत एक सर्पमित्रही आहे. महाराष्ट्रात नीलिमकुमार खैरे यांच्यासारख्यांनी सापांविषयीची भीती घालवण्यासाठी आयुष्य दिले आणि त्यांच्यामागून गावोगावी शेकडो तरुण या कामात उतरले. अशा कामात एखादा वाईट माणूस शिरला तर काय होते, हे लेखक सगळ्यांवर डाग न लावता दाखवतो. वऱ्हाडी संवाद कानाला खरे लागतात. मधल्या भागात वावराच्या वाटणीचा तपशील लांबला आहे. तिथे तीस-चाळीस पाने कमी झाली असती तर कादंबरी अधिक घट्ट झाली असती, असे माझे मत आहे. शेवट मात्र चोख. खुनी सापडतो, पण त्याआधी त्या घरातला आणखी एक जुना ‘सर्पदंश’ पुन्हा उघडावा लागतो, आणि तो उघडताना चिता पेटवण्याची घाई कुणी केली होती हा प्रश्न अख्ख्या गावापुढे येतो.

या पुस्तकाचे वाचक वाशीम जिल्ह्यातले असतील तर त्यांना, आणि इतरांनाही, एक विनंती आहे. कुणाला साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा. साप मारू नका. लांबून फोटो मिळाला तर तो डॉक्टरांना दाखवा. जीव वाचला नाही तर दुःखात असतानाही शवविच्छेदनाचा आग्रह धरा. पोलीस पाटलांनी आणि पंचांनी सापाची जात तेव्हाच लिहावी, जेव्हा ती कुणी खरोखर ओळखली असेल.